हृदयाखालचा फाटका पडदा

मी पडदा बोलतोय. नाटकाचा नव्हे आणि खिडकीचाही नव्हे. तुम्ही ही ओळ वाचेपर्यंत तुमच्या फासळ्यांखाली एकजण खाली जाऊन पुन्हा वर आला ना, त्याच्या जातीचा. शाळेच्या पुस्तकात मला श्वासपटल म्हणतात. ते नाव ऐकलं की कुणीतरी उगाच कोट घालून उभं केल्यासारखं वाटतं. पडदा म्हटलेलं बरं. वर छाती, खाली पोट आणि दोघांच्या मध्ये आडवा ताणलेला मी. दोन वाट्या शेजारी शेजारी पालथ्या घालाव्यात तसा माझा आकार. एक डावा घुमट, एक उजवा.

दिवसाला वीसेक हजार वेळा मी खाली जातो आणि वर येतो. खाली गेलो की छातीत हवा शिरते, वर आलो की बाहेर पडते. एवढंच काम. पण ते एकदा चुकवून बघा!

माझ्या डोक्यावरच हृदयाचं बिऱ्हाड आहे. त्याच्याबद्दल मला काही बोलायचं नाही. म्हणजे बोलायचं आहे, पण हेवा केल्यासारखं दिसेल. लोक हृदय देतात, घेतात, मोडतात, छातीवर हात ठेवून खरं बोलतात. माझ्यावर हात ठेवून आजवर कुणी खोटंही बोललेलं नाही. उचकी लागली की म्हणतात, कुणीतरी आठवण काढली. श्रेय आठवणीला, गचके मला. असो.

माझा जन्म माझ्या मालकिणीच्या जन्माच्या सातेक महिने आधीचा. ती आईच्या पोटात अंगठ्याएवढी असताना चार दिशांनी चार तुकडे आले आणि त्यांचा मी झालो. पुढच्या बाजूला, छातीच्या मधल्या हाडाच्या मागे, जरा उजवीकडे एक सांधा तेवढा जुळायचा राहिला. जेमतेम करंगळी जाईल एवढं भोक. कुणाचा दोष नाही, घाई झाली असेल. मी त्या भोकासकट जन्मलो आणि ते झाकत राहिलो. पाहुणे आले की गादीवरच्या डागावर उशी ठेवतात ना, तसं.

पण एक सांगतो, तिचा पहिला टाहो मीच फोडला. सुईणबाई म्हणाल्या, "पोरीच्या अंगात दम आहे." अंगात म्हणजे नेमका कुठे, हे कुणी विचारलं नाही.

नवव्या वर्षी तिचा घसा धरला, मग गुडघे सुजले, ताप उतरेना. त्या तापाने जाता जाता हृदयाची डावीकडची एक झडप कुरतडून ठेवली. तेव्हाच छातीचा फोटो काढला. फोटोत उजवीकडे खाली, हृदयाला लागून एक पुसट सावली होती. ती माझ्यामुळे होती. पोटात आतड्यांवर चरबीचा एक पदर असतो, त्याचं टोक माझ्या भोकातून वर डोकावत होतं. घराजवळच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी फोटो खिडकीकडे धरला, डोळे बारीक केले आणि कागदावर लिहिलं, 'उजवीकडे जुना डाग. काळजी नको.'

तो कागद तिच्या आईने फाइलीत सगळ्यात वर लावला. आई फार टापटिपीची. एकही चिठ्ठी कधी हरवू दिली नाही, आणि तिथेच घात झाला. पुढची चोवीस वर्षं दर नवा डॉक्टर आधी फाइल वाचायचा, मग फोटो बघायचा, आणि फाइलीत होतं तेच त्याला फोटोत दिसायचं. मग तोही सुवाच्य अक्षरात लिहायचा, 'जुना डाग.' मी आतून ओरडत होतो असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर मीही सुटकेचा निःश्वास टाकत होतो. कुणाला आपली फाटकी बाजू दाखवायची हौस असते?

ती मोठी झाली आणि वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात फोनवर बसू लागली. "नमस्कार, तक्रार केंद्रातून बोलतेय, आपला ग्राहक क्रमांक सांगता का?" हे वाक्य एका दमात म्हणायचा नियम होता. तिला एक दम पुरायचा नाही. मग तिने वाक्याचे तीन तुकडे केले. दर तुकड्यानंतर अशी थांबायची, जणू समोरच्या माणसाला विचार करायला उसंत देतेय. साहेबांनी नव्या मुलींना तिचं रेकॉर्डिंग ऐकवलं. "बघा, किती सावकाश! किती अदब!" अदब कसली, हवा संपत होती.

लग्न झालं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी. राहायला मिळालं तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. "चांभाराच्या बायकोच्या पायात चप्पल नसते," असं ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभी राहून म्हणायची. तिथे उभं राहून ती पर्समध्ये किल्ली शोधायची. किल्ली रोज सापडायला दीड मिनिट लागायचं, कारण ती हातातच असायची.

मग खारू पोटात आली. मुलीचं हे नाव नंतरचं, गालात घास धरून ठेवते म्हणून पडलेलं. झडप अधू असल्यामुळे डॉक्टर नऊ महिने जपून होते. पण मला कोण जपणार? बाळ वाढलं तसं पोटातलं सगळं वर सरकलं आणि माझ्यावर भार देऊन बसलं. बाळंतपणात "दाबा, दाबा" म्हणून सगळा कल्ला तिच्यासाठी चालला होता. दाबत होतो मी. शेवटच्या कळेला खारू बाहेर आली आणि त्याच क्षणी माझं भोक टरकन फाटलं. करंगळीचं मुठीएवढं झालं. मला तेव्हा दुखलं का? आठवत नाही. पोरगी रडली आणि तिचा पडदा काय झकास चालला होता! मी तेच ऐकत राहिलो.

पुढे मोठ्या आतड्याचा एक वेढा त्या भोकातून वर आला आणि हृदयाच्या शेजारी, हाडाच्या मागे जागा बघून बसला. भाडेकरू आधी फक्त ट्रंक ठेवू का म्हणतो आणि मग कुटुंब आणतो, तसा.

खारू चार वर्षांची असताना एका दुपारी आईच्या छातीवर कान ठेवून पडली होती. ती म्हणाली, "आई, तुझ्या हृदयाला भूक लागलीय. गुडगुड करतंय."

आई हसली. नवऱ्याने पाना खाली ठेवून कान लावला. "पाइपात हवा अडकल्यासारखं वाटतंय."

"मग काय, बदलून घेताय?"

"वॉरंटी संपली," तो म्हणाला.

थट्टा झाली. पण माझ्या मालकिणीचा स्वभाव असा की थट्टा तिला दोन तासांनी टोचते. संध्याकाळी ती खारूच्या छातीला कान लावून बसली. स्वतःच्या छातीचं डॉक्टरांना सांगायचं तिने ठरवलं आणि मग ठरवलं की नको. 'हृदयाला भूक लागलीय' हे कुठल्या डॉक्टरला कोणत्या तोंडाने सांगायचं?

सांगावं लागलंच, वर्षभराने. सपाट रस्त्यावरही धाप लागायला लागली. मोठ्या इस्पितळात झडपेची तपासणी ठरली. तपासणीवाल्या डॉक्टरांनी छातीवर, मग फासळ्यांखाली यंत्र टेकवलं, फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, इथून मला हृदय दिसायला हवं. इथे तर सगळी हवाच दिसतेय."

"तिथे जुना डाग आहे," तिने लगेच फाइल पुढे केली.

"डागात हवा नसते," ते म्हणाले, आणि फाइल न उघडता तिला आरपार फोटो काढणाऱ्या मोठ्या यंत्रात पाठवलं. चोवीस वर्षांत फाइल न वाचणारा हा पहिला माणूस. त्यालाच मी दिसलो.

चार दिवसांनी ती, तिचा नवरा आणि तिची आई एका छोट्या खोलीत दोन सर्जनांसमोर बसली होती. हृदयाच्या सर्जन बाई ठेंगण्या, हळू बोलणाऱ्या. सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणत. दुसरे पोटाचे सर्जन, आडव्या बांध्याचे, सदा खुशीत. इस्पितळात त्यांचं नाव 'पोटवाले सर', आणि त्यात कामाचा उल्लेख जास्त की आकाराचा, हे ते स्वतःच लोकांना विचारत.

"झडप दुरुस्त करायची, हे ठरलेलंच होतं," मॅडम म्हणाल्या. "पण हे बघा. तुमच्या छाती-पोटामधल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे आणि त्यातून आतडं वर आलंय. या हाडाच्या बरोबर मागे. आणि मला नेमकं हेच हाड कापून आत जायचंय."

"जन्मापासून?" आईचा आवाज चिरकला. मांडीवरची फाइल तिने दोन्ही हातांनी धरली होती. "म्हणजे हिच्या वेळी दिवस असताना माझ्या हातून काही..."

"आजी, तुम्ही काही केलं नाही," पोटवाले सर म्हणाले. "एक टाका राहून गेला. तो आता आम्ही घालतो."

"आणि फाइलीत तर काळजी नको म्हणून लिहिलंय हो," आई पुटपुटली. मुलीने नुसता आईचा हात धरला.

तिने स्वतः एकतीस प्रश्न लिहून आणले होते. पहिला होता, "माझ्या मुलीला असं असेल का?"

"सहसा नसतं," सर म्हणाले. "पण एक फोटो काढून घेऊ, म्हणजे तुम्हाला झोप लागेल."

"तरी लागायची नाही," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

"दोन्ही कामं एकदाच होतील का?" नवऱ्याने विचारलं. "पॅनल दोनदा उघडायला लागू नये."

मॅडम हसल्या. "मलाही तेच हवंय. नुसती झडप केली आणि भोक तसंच ठेवलं, तर उद्या आतडं पिळलं की पुन्हा धावपळ. एकदाच छाती उघडू, आधी भोक बंद करू, मग हृदय. फक्त एक सांगते. नंतर श्वासाच्या यंत्रावरून सोडवायला वेळ लागू शकतो. पडदा आधीच दमलेला आहे."

दमलेला! मी! तेहतीस वर्षांत एका श्वासाची रजा घेतली नव्हती. मला असा संताप आला की तिला तिथेच उचकी लागली.

एकतिसावा प्रश्न तिने उचकी थांबल्यावर विचारला. "मी स्वतःच्या श्वासावर परत येईन ना?"

"शक्यता खूप आहे," मॅडम म्हणाल्या. "शंभर टक्के मी कुणालाच सांगत नाही."

तिने कागदावर 'खूप' लिहिलं. त्याखाली रेघ मारली. मग रेघेपुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

ऑपरेशन सकाळी होतं. ढकलगाडीवर आडवी पडून जाताना ती खारूला म्हणाली, "मी येईपर्यंत आजीला त्रास द्यायचा. थोडासाच." खारूने मान हलवली. गालात घास होता.

भुलीचं औषध शिरलं आणि मी जन्मल्यापासून पहिल्यांदा थांबलो. माझं काम यंत्राने हातात घेतलं. ते करत होतं बरोबर, पण मन लावून नव्हे. मला हलता येत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

हाडावर करवत चालवायची वेळ आली. आतडं हाडाला चिकटून बसलेलं. त्याला करवतीचं टोक लागलं असतं तर छातीभर घाण, आणि मग झडपेचं नावच नको. पोटवाल्या सरांनी हाडाच्या खालच्या टोकाशी छोटी चीर घेतली, मागून बोट सरकवलं आणि त्या भाडेकरूला इंचाइंचाने हाडापासून सोडवून खाली दाबलं.

"सर, झालं?" मॅडमनी विचारलं.

"थांब गं. जुनी ओळख आहे त्यांची, लगेच कशी तुटेल?" मग दोन मिनिटांनी, "हं. चालव."

भूलवाल्या डॉक्टरांनी यंत्रही क्षणभर थांबवलं. करवत वाजली. हाड उघडलं. कुणालाही काही लागलं नव्हतं, आणि माझ्यावर उजेड पडला. आयुष्यात पहिल्यांदा.

सरांनी आतडं आणि चरबीचा पदर पोटात परत पाठवला, आणि मग माझं भोक उघडं पडलं. चार अनोळखी माणसं त्यात वाकून बघत होती. लाजेने मला जागा पुरेना, आणि आक्रसताही येत नव्हतं.

"कडा जुळत नाहीत," सर म्हणाले. आता त्यांचा आवाज खुशीतला नव्हता. "ओढून शिवलं तर पहिल्या खोकल्याला उसवेल. जाळी लावू?"

"जाळी म्हणजे परकी वस्तू. आत्ता इथे आतडं होतं, आणि त्याच्या वर मी झडपेला कडं बसवणार. जंतू बसले तर दोन्ही जाईल," मॅडम म्हणाल्या. "हिचंच कापड वापरू."

हृदयाभोवती एक पातळ, चिवट पिशवी असते. तिच्यात ते बसलेलं असतं, राजा अंबारीत बसावा तसं. मॅडमनी त्या पिशवीचा तळहाताएवढा तुकडा कापला, औषधात भिजवला, धुतला आणि माझ्या भोकावर ठेवून बघितला. सरांनी मागच्या कडा माझ्या मांसाला आणि पुढच्या कडा हाडामागच्या जाड पापुद्र्याला शिवल्या. एकेक टाका वेगळा, दर टाक्याला गाठ. सिस्टर सुया मोजून देत होती आणि मोजून घेत होती.

आता मी काय बोलू? तेहतीस वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याने अंगावरच्या वस्त्राचा तुकडा मला दिला. बरं, दिला म्हणजे त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण म्हणून काय झालं? मलाही भोक पाडताना कुणी विचारलं नव्हतं.

मग हृदयाचं काम सुरू झालं. त्याला थांबवून झडपेला कडं बसवायचं होतं. थांबलेलं असताना ते थंड राहावं म्हणून त्याच्याभोवती बर्फाचा चुरा टाकला. माझ्या डाव्या घुमटाला हुकूम आणणारी नस हृदयाच्या कडेनेच खाली येते, एखाद्या तारेसारखी. तिच्यावरही बर्फ पडला. कुणाची चूक नाही. होतं कधीकधी. मला तेव्हा कळलंही नाही, माझं सगळं लक्ष उजवीकडच्या ठिगळाकडे होतं.

झडप जमली, हृदय पुन्हा चालू लागलं, छाती तारांनी शिवली. पोटवाले सर म्हणाले, "दोन दुकानं, एकच शटर." लोक दमलेले असूनही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूल उतरल्यावर यंत्र हळूहळू कमी केलं आणि सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. मी ऐटीत जोर लावला. उजवी बाजू दुखत दुखत खाली गेली. डावी गेली नाही. मी पुन्हा जोर लावला. डावी गेली नाही, उलट वर ओढली गेली, वाळत घातलेलं धोतर वाऱ्याने वर उडावं तशी.

लक्षात घ्या, डावी म्हणजे माझी धडकी बाजू, अभिमानाची. जन्मभर उजवीला जपायचो आणि डावीच्या जिवावर मिरवायचो. तीच पडून राहिली. वीस मिनिटांत मालकिणीला दरदरून घाम फुटला, यंत्रावरचे आकडे घसरले आणि पुन्हा सगळं काम यंत्राकडे गेलं.

बाहेरच्या व्हरांड्यात मॅडम नवऱ्याला सांगत होत्या. "बर्फाने डावीकडची नस बधिर झालीय. ती सुधारते, पण कधी महिने लागतात. तोवर उजव्या बाजूवर निभावावं लागेल. परवा दुपारपर्यंत नळी काढता आली नाही, तर गळ्याला छिद्र पाडून तिथून श्वास द्यावा लागेल. ते बरेच दिवस राहील. तेवढे दिवस त्या बोलू शकणार नाहीत."

"एकाच दोरावर लिफ्टचा गाडा," तो म्हणाला.

"हो."

"चालतो," तो म्हणाला. "हळू चालतो, पण चालतो." मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तिच्या तोंडात नळी होती म्हणून तिला पाटी-पेन्सिल दिली होती. तिने वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'माझं काही चुकतंय का?'

"अहो ताई, श्वास घेण्यात काय चुकायचंय?" सिस्टर म्हणाली.

ती पाटीकडे बघत राहिली. मला ठाऊक होतं तिच्या मनात काय चाललंय, कारण तेच माझ्या मनात चाललं होतं. एवढी साधी गोष्ट सगळ्या जगाला जमते आणि आपल्यालाच का जमू नये? माझंच काहीतरी कमी पडत असणार. मॅडम म्हणाल्या होत्या ते खरंच असेल. दमलेला.

दुपारी व्यायाम करवून घेणाऱ्या बाई आल्या. मजबूत हातांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पलंगाची उशाकडची बाजू उंच केली, तिला बसती केली आणि उजव्या फासळ्यांच्या खाली आपला पंजा ठेवला. थेट माझ्यावर.

"मान नाही, खांदे नाही. फक्त इथे. माझा हात उचला."

तिने प्रयत्न केला. खांदे वर गेले.

"खांदे घरी ठेवून या. इथे."

पुन्हा. हात केसभर हलला.

"हं. हाच. याला पुन्हा बोलवा."

टाके होते, ताण बसत होता. प्रत्येक खेपेला वाटायचं, आता उसवणार. पण मी खाली जायचो आणि ते ठिगळ माझ्याबरोबर खाली यायचं, न कुरकुरता. त्या दिवशी चाळीस वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर. बाई मोजत नव्हत्या, मी मोजत होतो. आजवर दिवसाला वीस हजार न मोजता केले, पण हे शंभर मला एकेक आठवतात. फाटकी बाजू, लाजेची बाजू, ती एकटी दोघींचं काम ओढत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्र कमी केलं. वीस मिनिटं गेली. अर्धा तास गेला. नवरा काचेबाहेर उभा होता, खिशातला स्क्रूड्रायव्हर उगाच फिरवत. पाऊण तास गेला. मॅडमनी आकड्यांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि सिस्टरला मान हलवून खूण केली. नळी निघाली.

"खोका!" सिस्टर म्हणाली. "ताई, जोरात खोका!"

पहिला खोकला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी परीक्षा, सांगतो. सगळं पोट खालून येऊन ठिगळावर आदळलं. आणि ठिगळ? जागचं हललं नाही.

व्यायामाच्या बाई हात बाजूला घेऊ लागल्या, तेव्हा ती घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलली. "हात काढू नका."

"माझा हात काहीच करत नाहीये," बाई म्हणाल्या. "तुम्हीच करताय." तरी त्यांनी आणखी बराच वेळ काढला नाही.

सातव्या दिवशी खारूला आत सोडलं. ती आईच्या छातीवरच्या पट्टीकडे लांबून बघून म्हणाली, "उघडतं का हे?" नवरा म्हणाला, "आता नाही. सील केलंय." आई हसली आणि हसताना टाके दुखले आणि दुखणारा मी होतो, पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

घरी ती तिसऱ्या मजल्यावर खुर्चीतून गेली. नवऱ्याचे चार सहकारी उचलायला आले होते. महिन्याभराने इस्पितळात माझी तपासणी झाली. हलता फोटो दाखवणाऱ्या यंत्रापुढे उभं राहून नाकाने झटकन हुंगायचं. उजवा घुमट खाली, डावा वर. सी-सॉवर बसलेल्या मुलांसारखे. तंत्रज्ञाने "डावं अजून आळशी आहे," असं सांगितलं. ती पूर्ण वेळ डोळे मिटून उभी होती. तिला बघायचंच नव्हतं.

मग रोज सकाळी ओट्याला पाठ टेकून व्यायाम. खारू शेजारी उभी राहून तसंच पोट फुगवायची आणि जिंकल्याचं जाहीर करायची. अडीच महिन्यांनी ती कामावर रुजू झाली. डावीकडे अजून काहीच हलत नव्हतं. तिसरा महिना, चौथा. मग एका सकाळी दात घासताना डावीकडे काहीतरी सरकलं. मला वाटलं भास असेल. मी कुणाला बोललो नाही. उगाच आशा लावून ठेवायची आणि मग...

पाचव्या महिन्यात पुन्हा तपासणी. तीच अंधारलेली खोली, तोच तंत्रज्ञ. या वेळी तो म्हणाला, "बाई, डोळे उघडा. बघण्यासारखं आहे."

तिने उघडले. यंत्राच्या पडद्यावर करड्या उजेडात फासळ्या होत्या, मध्ये हृदयाची धडधडती सावली, आणि तिच्याखाली मी. चौतीस वर्षं मी तिच्या आत राहत असूनही तिने मला कधी पाहिलं नव्हतं.

"हा?" ती म्हणाली. "एवढा मोठा?"

"हाच. हुंगा बघू."

तिने हुंगलं. उजवा घुमट खाली आला. आणि डावाही आला. जरा उशिरा, जरा कमी, पण त्याच बाजूला, त्याच्याबरोबर.

तिने तोंडावर हात ठेवला आणि बघतच राहिली. माझी धाव तिथेच थांबली, कारण ती श्वास रोखून बघत होती.

"अहो, श्वास सोडा," तंत्रज्ञ म्हणाला. "थांबलात तर काय दिसणार?"

तिने सोडला. मी वर गेलो. तिने घेतला. मी खाली आलो, दोन्ही बाजूंनी, ठिगळासकट, आणि ती बघतेय हे मला माहीत होतं म्हणून थोडासा जास्तच खाली आलो. एवढं मिरवणं मला माफ करा.

तुमच्याकडे माझ्यासारखाच एकजण आहे. त्याचा सत्कार वगैरे नको. एकदा फासळ्यांखाली पंजा ठेवा आणि तो उचलतोय का बघा. तो लाजेल, पण उचलेल.